स्कूल : एक शब्द, दोन घराणी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एकच अट घातली होती : लेख शाळेविषयी हवा. सहली, गॅदरिंग, छडी, डब्यातली देवाणघेवाण, प्रयोगशाळेतला तो वास, हे सगळे आपले मित्र-मैत्रिणी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. म्हणून मी एक वेगळा विषय निवडला आहे. शाळेच्या कमानीवर, प्रगतिपुस्तकावर आणि दाखल्यावर जो 'स्कूल' शब्द आपण वर्षानुवर्षे वाचला, त्या शब्दाचाच हा थोडा इतिहास. इंग्रजी व्याकरणाच्या तासाला जे कंटाळत असत त्यांनी घाबरू नये. शेवटी प्रश्नोत्तरे नाहीत.

एखादा चांगला इंग्रजी शब्दकोश उघडून 'स्कूल' शब्द शोधला, तर तो एकदा नाही, दोनदा सापडतो. स्पेलिंग तेच, उच्चार तोच. फक्त डोक्यावर बारीक अक्षरात १ आणि २ असे आकडे. पहिला स्कूल म्हणजे शाळा. दुसरा स्कूल म्हणजे माशांचा थवा. समुद्रात शेकडो मासे एकाच दिशेने, एकाच वेगाने पोहत जातात आणि एक वळला की सगळे वळतात, त्या समूहाला इंग्रजीत 'स्कूल' म्हणतात. देवमाशांच्या कळपालाही हाच शब्द वापरतात.

पहिल्यांदा हे वाचणाऱ्याला वाटते की यात कोडे काय? प्रार्थनेची घंटा झाली की एकाच गणवेशातली पोरे रांगेने मैदानावर यायची, ते दृश्य वरून माशांच्या थव्यासारखेच दिसत असणार. तेव्हा कोणीतरी गमतीने माशांच्या घोळक्याला 'शाळा' म्हटले असेल आणि तो शब्द रूढ झाला असेल. हा तर्क सुंदर आहे, पण तो खरा नाही. या दोन शब्दांचे एकमेकांशी काडीचेही नाते नाही.

मग नाते आहे की नाही हे ठरवायचे कसे? कोशकारांचा नियम साधा आहे. शब्द कसा दिसतो हे पाहायचे नाही, तो कुठून आला ते पाहायचे. आपल्या मराठीतला 'वर' घ्या. देवाने दिलेला वर, बोहल्यावर उभा असलेला वर, आणि छपराच्या वर. पहिले दोन एकाच घरातले आहेत. संस्कृतातल्या 'वृ' म्हणजे निवडणे, पसंत करणे या धातूपासून दोघेही आले. भक्ताने मागून घेतलेला तो वर आणि मुलीने पसंत केलेला तोही वर. तिसरा मात्र परका. तो 'उपरि' या शब्दाचा झिजून झालेला अवशेष आहे. 'उपरि'चे प्राकृतात 'उवरि' झाले आणि मराठीत येईपर्यंत 'वर' उरला. चेहरा सारखा झाला तो नदीतले दोन वेगळे दगड घासून घासून सारखे गुळगुळीत व्हावेत तसा. असे शब्द प्रत्येक भाषेत असतात.

अशी शब्दांची वंशावळ शोधण्याचे सर्वांत मोठे काम इंग्रजीत ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने केले. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. प्रमुख संपादक जेम्स मरे तोपर्यंत हयात नव्हते. ते १९१५ मध्ये गेले. हे मरे शाळामास्तर होते. लंडनजवळच्या मिल हिल शाळेत शिकवत असतानाच त्यांनी हे काम हाती घेतले आणि शाळेच्या आवारात पत्र्याची एक खोली उभारून तिथे देशोदेशीच्या वाचकांनी पाठवलेल्या लाखो चिठ्ठ्या लावायला सुरुवात केली. त्यांच्याविषयीची एक गोष्ट मला विशेष वाटते. मरे एका स्कॉटिश शिंप्याचे चिरंजीव. पुढच्या शिक्षणाचा खर्च घरच्यांना झेपेना म्हणून चौदाव्या वर्षीच त्यांची शाळा सुटली. जगातल्या सर्वांत मोठ्या शब्दकोशांपैकी एकाचा संपादक स्वतः शाळेतून लवकर गळालेला मुलगा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आता दुसऱ्या स्कूलचा, म्हणजे माशांचा इतिहास आधी उरकू, कारण तो आटोपशीर आहे. हा शब्द डचांकडून आला. मध्ययुगात उत्तर समुद्रातल्या हेरिंग माशांच्या व्यापारात डच मच्छीमार मोठे तरबेज होते, आणि इंग्लंडच्या किनाऱ्याशी त्यांचे रोजचे येणेजाणे होते. समुद्रावरचे कितीतरी शब्द इंग्रजीने त्यांच्याकडून उचलले : जहाजाचा 'डेक', 'यॉट', आणि क्रिकेटच्या कप्तानाला आपण म्हणतो तो 'स्किपर'. त्याच वाटेने टोळी, जमाव अशा अर्थाचा डच शब्द १४०० च्या सुमारास इंग्रजीत शिरला आणि माशांच्या जमावापुरता राहिला. त्याचे मूळ कापणे, वेगळे करणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूत असावे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे मोठ्या समूहातून फुटून निघालेला गट. शिंपल्याचा 'शेल' आणि माशाच्या खवल्याचा 'स्केल' हे या स्कूलचे लांबचे भाऊबंद. मासा, खवले, शिंपला : घराणे पूर्णपणे समुद्रातले निघाले.

याच कुळातला जुना इंग्रजी शब्द 'शोल', तोही माशांचा थवाच. आणि गंमत म्हणजे इंग्रजीत शोलही दोन आहेत. दुसरा शोल म्हणजे समुद्रातली उथळ जागा, जिथे जहाज वाळूत रुतते. तो 'शॅलो'च्या कुळातला. एका जोडीचा गुंता सोडवायला जावे तर दारात दुसरी जोडी उभी.

आता आपला स्कूल. याचा प्रवास ग्रीसमधून सुरू होतो. ग्रीक भाषेत 'स्खोले' असा शब्द होता, आणि त्याचा अर्थ होता फुरसत. अभ्यास नाही, घंटा नाही, परीक्षा तर नाहीच. फुरसत, रिकामा वेळ, कामापासून सुटका. ज्या शब्दापासून आपल्याला सकाळी सातची प्रार्थना आणि शनिवारची कवायत मिळाली, त्याचा मूळ अर्थ 'निवांत बस' असा होता, हे आपल्या पीटीच्या सरांना तेव्हा सांगायला हवे होते.

फुरसतीची शाळा कशी झाली, ते टप्प्याटप्प्याने दिसते. आधी स्खोले म्हणजे रिकामा वेळ. मग त्या रिकाम्या वेळात जे करायचे ते, म्हणजे चर्चा, वाद, विचार. मग अशा चर्चेत कोणा जाणत्याने दिलेले व्याख्यान. मग ते व्याख्यान जिथे होते ती जागा. आणि शेवटी त्या गुरूला मानणाऱ्यांचा गट. आपण आजही 'अमुक विचारांचे स्कूल' म्हणतो, तो हा शेवटचा अर्थ. गाण्यात आपण त्याला घराणे म्हणू. ॲरिस्टॉटलने तर फुरसतीला फार वरचे स्थान दिले. माणूस कामे करतो ती अखेर फुरसत मिळावी म्हणूनच, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. ग्रीकांचा 'काम' या अर्थाचा एक शब्दच मुळी 'अस्खोलिया' असा होता : जिथे फुरसत नाही ते काम.

रोमन लोकांनी हा शब्द 'स्कोला' म्हणून उचलला. पण लहान मुलांच्या शाळेला त्यांच्याकडे आणखी एक शब्द होता, 'लुडुस'. लुडुस म्हणजे खेळ. ग्रीकांनी शाळेला फुरसत म्हटले आणि रोमनांनी खेळ, आणि दोघांच्याही शाळांत मास्तरांच्या हातात छडी होतीच. (तलवारबाजांना तयार करणाऱ्या आखाड्यालाही लुडुसच म्हणत. आपल्यापैकी काहींना गणिताच्या तासाशी हे साम्य जाणवेल.) पुढे चर्च आणि लॅटिन यांच्याबरोबर 'स्कोला' युरोपभर पसरला. फ्रेंचांचा एकोल, स्पॅनिशांचा एस्कुएला, जर्मनांचा शुले, इंग्रजांचा स्कूल हे सगळे एकाच मुळाचे. पोर्तुगीज तो घेऊन गोव्यात उतरले, म्हणून गोव्याच्या कोंकणीत शाळेला आजही 'इस्कोल' म्हणतात. इंग्रजीत मधल्या काळात या शब्दाचे स्पेलिंग साधे होते. त्यातला 'एच' नंतर, मूळ लॅटिन रूपाकडे बघून घातला गेला. उच्चारात नसलेल्या या अक्षरासाठी आपल्यातल्या किती जणांनी किती वेळा पट्टी खाल्ली असेल, त्याचा हिशोब नाही.

असे हे दोन प्रवासी, एक अथेन्सहून रोममार्गे आलेला आणि एक उत्तर समुद्रातून. झिजत झिजत शेवटी एकाच चेहऱ्याचे झाले आणि एकाच पानावर शेजारी येऊन बसले.

इथपर्यंत ही गंमत आहे. पण 'फुरसत' या अर्थापाशी जरा थांबू या, कारण प्रश्न असा उभा राहतो की ती कोणाची फुरसत?

अथेन्समध्ये ती सगळ्यांची नव्हती. शेतात, खाणीत, स्वयंपाकघरात राबणारे गुलाम होते म्हणून त्यांच्या मालकांना फुरसत होती. खात्यापित्या घरचा मुलगा शाळेत जायचा तेव्हा त्याला पोचवायला घरचा एक गुलाम सोबत असे. त्याला 'पायडागोगोस' म्हणत, म्हणजे मुलाला नेणारा. त्याच शब्दापासून 'पेडॅगॉजी' आला. आपल्या गुरुजनांनी डी.एड., बी.एड. करताना ज्या शास्त्राचे पेपर सोडवले, त्या शास्त्राला नाव मिळाले ते शाळेच्या दारापर्यंत मुलाला आणणाऱ्या, पण स्वतःचा दिवस स्वतःच्या हातात नसलेल्या माणसावरून. मला हे भाषेने केलेले मूक स्मारक वाटते.

इथे आणखी एका समजाचा निकाल लावतो. 'स्कूल' आणि 'शाळा' हे शब्द कानाला जवळचे वाटतात, म्हणून ते एकच असावेत असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. 'शाला' म्हणजे छप्पर असलेली जागा, दालन. त्यात शिकण्याचा अर्थ मुळात नाहीच. म्हणून तर गोशाळा, धर्मशाळा, पाकशाळा, आणि झिजलेल्या रूपात टांकसाळ. शालेचे नाते इंग्रजी 'हॉल'शी असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपण ज्याला शाळेचा हॉल म्हणत होतो, ती शब्दांच्या हिशोबाने शाळेची शाळा झाली.

मग आपल्या भाषेत 'स्कूल'चा खरा नातेवाईक कोण? ग्रीक स्खोले ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ आहे धरणे, रोखून धरणे. फुरसत म्हणजे रोखून धरलेला वेळ, काम थोडे थांबवून मिळवलेली जागा. हाच प्राचीन धातू संस्कृतात 'सह्' या रूपाने आला : पेलणे, सोसणे, मात करणे. त्यापासून आपले 'सहन' आणि 'साहस'. म्हणजे स्कूल शब्दाचे आपल्याकडचे सख्खे आप्त शाळा, शिक्षण किंवा विद्या हे नव्हेत. ते आहेत सहन आणि साहस. (आपण सहाध्यायी आहोत त्यातला 'सह' मात्र निराळा. तो 'बरोबर' या अर्थाचा. वेदांत त्याचे जुने रूप 'सध' असे सापडते. पुन्हा चेहरा सारखा, घराणे वेगळे.)

नेमके उलटही घडते. इंग्रजीत 'प्युपिल' म्हणजे विद्यार्थी आणि 'प्युपिल' म्हणजे डोळ्यातली बाहुली. यांचा संबंध असणे शक्यच नाही असे वाटते, आणि नेमके हेच दोघे सख्खे भावंड आहेत. लॅटिनमध्ये लहान मुलासाठी 'पूपुस' आणि मुलीसाठी किंवा बाहुलीसाठी 'पूपा' असे शब्द होते. त्यांच्यापासूनच दुसऱ्याच्या आश्रयाला असलेले पोरके मूल या अर्थी 'पूपिल्लुस' हा शब्द झाला आणि त्याचाच पुढे विद्यार्थी झाला. आणि समोरच्याच्या डोळ्यात डोकावले की आपलीच इवलीशी प्रतिमा बाहुलीसारखी दिसते, म्हणून डोळ्यातली ती 'पूपिल्ला'. संस्कृतातही 'कनीनिका' म्हणजे लहान मुलगी आणि डोळ्याची बाहुलीही. मराठीत तर आपण सरळ बाहुलीच म्हणतो. तीन भाषांतल्या माणसांनी एकमेकांच्या डोळ्यात पाहिले आणि त्यांना तिथे एक लहान मूलच दिसले.

तर दिसण्यावरून नाते ठरत नाही. कोणी काय सोसले आणि कोण कुठून आले यावरून ठरते. हे मला शब्दांइतकेच शाळेलाही लागू वाटते.

महाराष्ट्रातल्या शाळांचा इतिहास एका अर्थाने हाच आहे : ज्यांच्याकडे फुरसत नव्हती, त्यांच्यासाठी ती कोणीतरी रोखून धरली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा. ज्यांचा दिवस विकला गेला होता, त्यांच्यासाठी रात्रीतून काढलेली ही फुरसत. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी मागणी केली की निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. मूल शेतावर किंवा घरकामात अडकू नये, हाच त्या सक्तीचा हेतू होता. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' ही वाट घालून दिली. फुरसत मिळत नसेल तर कामातूनच ती मिळवायची.

आपल्या वर्गातही हेच झाले. आपण बाकावर बसलो होतो ते कोणीतरी घरचे काम रोखून धरले होते म्हणून. कोणाच्या आईने गुरे सांभाळली, कोणाच्या मोठ्या भावाने गिरणीत नाव घातले, कोणाच्या थोरल्या बहिणीने शाळा सोडून धाकट्यांना सांभाळले. ते सहन आणि आपले स्कूल हे एकाच धातूचे दोन शब्द आहेत, हे आता भाषाशास्त्रही सांगते.

आणि ज्यांच्यासाठी कोणी काम रोखू शकले नाही, तेही आपल्यात होते. चौथीनंतर, सातवीनंतर एकेक बाक रिकामा होत गेला. सुगीला गेलेला मुलगा परत आलाच नाही. हुशार मुलगी न्हातीधुती झाली म्हणून घरी बसली. हजेरी घेताना गुरुजी त्या नावापाशी क्षणभर थांबत आणि पुढे जात. काही दिवसांनी ते नाव तांबड्या शाईने खोडले जाई. आपण दहावी झालो, गावोगावी गेलो, आता मेळाव्याला जमलो. 'आपली बॅच' म्हणताना मात्र आपण दहावीच्या निकालाच्या कागदावरची नावेच मोजतो. 'बॅच' शब्दाचा मूळ अर्थ एका वेळी भट्टीत भाजलेले पाव. पण भट्टीतून निघाले तेवढेच पाव धरायचे आणि पीठ ज्यांचे एकत्र मळले गेले होते त्यांना सोडायचे, हा हिशोब मला पटत नाही.

म्हणून संपादक मंडळाला आणि आपणा सर्वांना एक विनंती आहे. पुढच्या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून न करता पहिल्या वर्षाच्या हजेरीपटावरून करावी. खोडलेली नावेही तिच्यात घ्यावीत. ते कुठे आहेत हे गावातल्या कोणाला ना कोणाला माहीत असेल. त्यांच्यापर्यंत निमंत्रण पोचवण्याचे काम आपण वाटून घेऊ. माझ्या भागातली जी काही घरे निघतील, तिथे मी स्वतः जाईन. शाळा लवकर सुटली म्हणून माणूस शाळेचा राहत नाही असे नाही. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या मरे यांनी शब्दकोश लिहिला. आपल्या खोडलेल्या नावांनी काय काय केले, हे आपण अजून विचारलेलेच नाही.

गुरुजनांना नमस्कार. त्यांनी आमच्यासाठी जी फुरसत रोखून धरली, तिच्यातूनच हा लेख लिहायला मला वेळ मिळाला आहे.